धुतलेली गाडी

वैशाखातली दुपार होती. ऊन डोक्यावर आले होते आणि जंगलाच्या कडेला, डांबरी रस्त्याच्या वळणावर, मोडक्या गाड्यांच्या आवारात पानही हलत नव्हते. माणसांनी टाकून दिलेल्या गाड्या तिथे गंजत पडलेल्या असत. त्यांची देखरेख एक कोल्हा करत असे. त्या दुरुस्त करून तो गरजूंना राहायला देई, आणि गाडी हाकायला एखादे वानरही मिळवून देई. जंगलात त्याचे नाव चांगले होते.

याच जंगलात एक सायाळ राहत असे. ती मोठी शंकेखोर. तिचा नवरा तितकाच हौशी. त्यांना दोन पिल्ले होती, आणि त्यांच्या अंगावरचे काटे अजून गवतासारखे मऊ होते. रस्ता रुंद करणाऱ्या यंत्राने सायाळीचे बीळ उकरले. तिने दुसरे खणले, तेही उकरले. तेव्हा नवरा म्हणाला की आता जमिनीत घर नको, चाकांवर घर करू. कंद मिळतील तिथे मुक्काम आणि संपले की पुढचे गाव. सायाळीला ते पटले, कारण तिची धाकटी बहीण गेल्या वर्षी अशीच नवरा-पिल्लांसह एका हिरव्या गाडीतून कायमची फिरतीवर निघाली होती. सायाळ तिला वळणापर्यंत पोचवायला गेली होती. त्यानंतर बहीण भेटली नाही, पण तिची खुशाली येत असे. समुद्राकडे आहे, पिल्ले गुटगुटीत झाली आहेत, ताईची आठवण काढते, असे कोल्हा सांगे. ही खुशाली कोल्ह्याखेरीज दुसऱ्या कुणाच्या तोंडून कधीच आली नाही, हे सायाळीच्या लक्षात आले नव्हते. मुलांनो, ते जंगलात कुणाच्याच लक्षात आले नव्हते. आणि लांब कान असलेले प्राणी त्या जंगलात पुष्कळ होते.

तर त्या दुपारी चौघे आवारात आले. सायाळीच्या जातीत घर निवडायच्या दोन रिती आहेत. एक म्हणजे घराला दोन तोंडे हवीत. एका तोंडाशी संकट आले तर दुसऱ्याने निसटता यावे. दुसरी म्हणजे घरधन्याने आत उभे राहून काटे पूर्ण उभारून पाहायचे. ज्या घरात काटे उभारता येत नाहीत तिथे सायाळ राहत नाही.

कोल्ह्याने आधी एक तीनचाकी रिक्षा दाखवली. नवरा आत शिरला, त्याने काटे उभारले आणि ते कापडी टपातून आरपार बाहेर आले. त्याला सोडवायला सायाळीला खालून ओढावे लागले. कोल्हा गंभीरपणे म्हणाला की दादा, टप तुमचाच झाला, आता गाडी तेवढी राहिली. मग एक जुनी बस पाहिली. जागा ऐसपैस होती, पिल्ले एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावली. पण बुडाचा पत्रा इतका गंजला होता की सायाळीचा पाय त्यातून खाली गेला, आणि एवढे मोठे धूड जंगलातल्या अरुंद पुलांवरून जाणार कसे, हेही तिने विचारले. तिसरा पाण्याचा टँकर होता. आत गारवा होता, गळती नव्हती, पण वर एकच झाकण होते.

"एकच तोंड," सायाळ म्हणाली.

"तुला बीळ सोडायचं आहे की बरोबर घेऊन जायचं आहे?" नवऱ्याने विचारले.

"पिल्लं बरोबर आहेत, तोवर बीळही बरोबर."

तेव्हा कोल्हा हसला आणि त्यांना आवाराच्या मागच्या बाजूला घेऊन गेला. तिथे एक पांढरी बंद गाडी उभी होती. चाके चांगली, छप्पर पक्के, आत लाकडी फळ्यांची जमीन. मागे रुंद दार, पुढे वानराच्या बैठकीशेजारी दुसरे दार, आणि मधून जायला वाट कापलेली. कंद ठेवायला फळी होती, तीही बरोबर सायाळीच्या तोंडाच्या उंचीवर. सायाळीला वाटले, ही तर आपल्यासाठीच बनवली आहे. मग तिला वाटले, आपल्यासाठी का बनवली असेल?

सगळे आवार कोरडे ठणठणीत होते. महिनाभर दवही पडले नव्हते. फक्त या गाडीखालची माती ओली होती आणि तिथे फुलपाखरे पाणी पीत बसली होती. सायाळीने नाक लावून गाडी हुंगली. वास नव्हता. धुळीचा नाही, वानराचा नाही, तेलाचा नाही. जंगलात दगडालाही वास असतो. पावसात वर्षभर पडलेल्या हाडालासुद्धा असतो.

"कोरी करकरीत आहे," नवरा खूश होऊन म्हणाला.

"पाहुणे येणार म्हणून धुतली," कोल्हा म्हणाला. मोबदल्यात त्याला फक्त त्यांचे उकरलेले बीळ हवे होते. आणि एक अट होती, तीही त्यांच्याच भल्याची. निघण्याआधी सगळ्यांचा नीट निरोप घ्यायचा. शेजारी, सोयरे, एकूण एक. "अर्धवट निरोप घेतला की मागे कुणीतरी वाट बघत राहतं, वहिनी. ज्याला कायम फिरायचं आहे, त्याची वाट कुणी बघू नये."

सायाळीच्या नवऱ्याला हे बोलणे फार शहाणपणाचे वाटले. पिल्ले तोवर गारव्याला आत जाऊन कोपऱ्यात मुटकुळे करून झोपली होती. सायाळ आत चढली. मागून नवरा चढला आणि रितीप्रमाणे मध्यभागी उभा राहून त्याने काटे उभारले. ते छताला लागले.

मागच्या दारातून उन्हाची तिरीप आत येत होती, म्हणून सायाळीला ते दिसले. पांढऱ्या रंगाखाली छताच्या पत्र्यावर बारीक रेघा होत्या, पंख्यासारख्या पसरलेल्या. नवऱ्याच्या प्रत्येक काट्याचे टोक एकेका रेघेत अचूक बसले होते. रेघा एकदाच ओढलेल्या नव्हत्या. थरथरून, त्याच त्याच जागी, पुन्हा पुन्हा ओढलेल्या होत्या. असा एक पंखा मागच्या दाराकडे तोंड करून होता आणि एक पुढच्या. बाजूच्या पत्र्यावर, अगदी खाली, पिल्ले झोपली होती त्याच्या किंचित वर, आणखी काही रेघा होत्या. पिल्लांच्या मऊ काट्यांनी पत्र्यावर ओरखडा उठत नाही, असे म्हणतात. फार वेळ घासले तर उठतो.

दिसेल ते कुरतडून पाहायची तिच्या जातीची सवयच असते, तशी तिने दाराची कड दातांनी हलकेच खरवडली. पांढऱ्याखाली हिरवा रंग निघाला. बहिणीची गाडी वळणावरून जाताना तिने पाहिला होता, तोच हिरवा. हिरव्याखाली पिवळा होता. पिवळ्याखाली निळा. पुढे तिने खरवडले नाही.

मग तिने दोन्ही दारे पाहिली. दोन्हींच्या कड्या बाहेरून होत्या. इतका वेळ ती दोन तोंडे आहेत एवढेच पाहत होती. दोन्ही तोंडांशी एकाच वेळी कुणी उभे राहिले तर काय, याचे उत्तर तिच्या जातीच्या रितीत नव्हते.

कोल्हा बाहेर, मागच्या दाराशी उभा होता. त्याचा एक पंजा कडीवर होता. पुढच्या दाराच्या काचेतून कुणी दिसत नव्हते, पण तिथला उजेड मघापेक्षा कमी झाला होता.

"दार लावून दाखवू का, वहिनी? आतला गारवा त्याशिवाय कळत नाही."

सायाळीने दोन्ही पिल्ले जागी केली. तिचे काटे आपोआप उभे राहू लागले होते. ते तिने मोठ्या कष्टाने अंगाला चिकटवून धरले. "गाडी पसंत आहे," ती म्हणाली. "पण निरोप राहिला आहे. घोरपडमावशीला सांगितलेलंच नाही. ती रोज दुपारी आमच्याकडे येते. आम्ही दिसलो नाही तर चिकाटीने शोधत फिरेल."

कोल्ह्याने कडीवरचा पंजा काढला आणि तो बाजूला सरकला. "मग आधी तिला सांगून या," तो म्हणाला. "वाट बघणारं कुणी मागे नको."

चौघे खाली उतरले. नवरा विचारत होता की घोरपड कधीपासून आपल्याकडे यायला लागली. सायाळीने वळण ओलांडेपर्यंत मागे पाहिले नाही, आणि ओलांडल्यावर ती एवढी कापू लागली की तिचे काटे एकमेकांवर आपटून वाजू लागले. तेव्हा नवऱ्याने विचारणे थांबवले.

तिने सगळे जंगल गोळा केले. दुसऱ्या दिवशी दुपारी सगळे तिच्यामागून आवारात गेले. पांढऱ्या गाडीच्या छताला आतून नवा पत्रा ठोकलेला होता आणि दाराच्या कडेला ओला रंग होता. कोल्ह्याने सर्वांना पाणी दिले. "कसल्या रेघा?" तो हळुवारपणे म्हणाला. "उन्हाचा त्रास झाला वहिनींना. बिळं गेली, घर शोधायची धावपळ झाली, होतं असं." पुष्कळांनी माना हलवल्या. सायाळीच्या नवऱ्याने मान हलवली नाही, आणि त्या दिवसापासून तो कुठल्याच गाडीत चढला नाही.

सायाळ मग घरोघर फिरली. सशांकडे विचारले, मुंगसांकडे विचारले, उदमांजराकडे विचारले. प्रत्येकाचे कुणी ना कुणी फिरतीवर गेलेले होते आणि प्रत्येकाचे मजेत होते. कुणी सांगितले? कोल्ह्याने. तुम्ही स्वतः पाहिले? ते फिरतीवर आहेत, दिसतील कसे? हा प्रश्न पुन्हा विचारला की लोक चिडत. एका म्हाताऱ्या सशाने तर तिला दारातून परत पाठवले. त्याचा मुलगा आणि सून निळ्या गाडीतून गेले होते. जे कायमचे बाहेर असतात त्यांचे घर रिकामे दिसले तर कुणाला काही वाटत नाही. कोल्ह्याने जंगलातली ही एवढीच गोष्ट ओळखली होती, आणि ती त्याला पुरत होती.

शेवटी सायाळ वाघाकडे गेली. वाघाने सर्व ऐकून घेतले, प्रकार गंभीर असल्याचे म्हटले आणि चौकशी नेमली. चौकशीचे काम त्याने कोल्ह्याकडे सोपवले, कारण गाड्यांची माहिती असणारा जंगलात तोच होता. चौकशी चालू आहे.

सायाळीने रस्त्यापासून लांब, खडकाळ उतारावर तिसरे बीळ खणले. खणायला फार कठीण गेले, पण यंत्र तिथे येत नाही. घोरपड आता खरोखरच रोज दुपारी तिच्याकडे येते आणि सगळे जागेवर आहेत ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून जाते.

पांढरी गाडी पावसाळ्यानंतर एके दिवशी आवारात दिसेनाशी झाली. काही दिवसांनी ती परत आपल्या जागी उभी होती. आता ती तांबडी होती आणि खालची माती ओली होती. सायाळ कुंपणाशी येऊन उभी राहिली, तेव्हा कोल्ह्याने तिला नमस्कार केला.

"तुमच्या धाकटीने खुशाली कळवली आहे, वहिनी. फार आठवण काढते."

"कुठे भेटली तुम्हाला?" सायाळीने विचारले.

कोल्हा हातातले फडके पिळत राहिला.

तात्पर्य : चाकांवर घर करणाऱ्याने छप्पर, बूड आणि दारे तपासावीत, पण निघण्याआधी आपली वाट पाहणारे एक तरी दार मागे उघडे ठेवावे; आणि मागे राहिलेल्यांनी आपल्या माणसांची खुशाली दुसऱ्याच्या तोंडून ऐकून समाधान मानू नये. त्या तांबड्या गाडीतून कोण गेले होते, हे अजून कुणी सांगितलेले नाही.