निळीच्या कुंडातला शेला

पूर्वी मेघवती नगरात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका रंगाऱ्याच्या घरी जन्माला आला. नाव उपसाल. पुढे चाळीस घरच्या रंगाऱ्यांचा तो मुखिया झाला.

त्या राज्यात एक कायदा होता. चोरून कापड विकलं जाऊ नये म्हणून कापडावर राजाची मुद्रा उठवणारा मुद्राधिकारी समोर असल्याशिवाय कुंडातलं कापड काढायचं नाही. आता निळीच्या कुंडात चुना असतो आणि चुना कापड खातो, हे रंगाऱ्याच्या शेळीलाही ठाऊक. पण अधिकारी कालदंत आंघोळ करणार, जेवणार, वामकुक्षी घेणार, मग येणार. तोवर कापडाचं पोतेरं.

राजाने उपसालाला बोलावलं. "शेजारच्या राज्याचं कापड बघ आणि तुमचं बघ. आळशी झालात तुम्ही. येत्या उत्सवापर्यंत सुधारा, नाही तर सगळी कुंडं बुजवीन."

आळशी म्हणे. उपसालाचे हात कोपरापर्यंत निळे होते. तो राग गिळून घरी आला.

मागोमाग कालदंत आला. "उपसालभाऊ, जिवाला घोर कशाला? तुझ्या कुंडापाशी मी वेळेवर येत जाईन. बाकीची बुजली की सगळं गिऱ्हाईक तुझंच."

"आणि एकोणचाळीस घरांनी काय तुझी मुद्रा चाटायची?" उपसाल म्हणाला. "ऊठ इथून."

दुसऱ्या दिवशी त्याने राजाला विनवून कुंडावर आणलं, त्याच्या अंगावरचा शेला मागून घेतला आणि निळीत बुडवला. जरा वेळाने म्हणाला, "आता हा निघायला हवा, महाराज."

"मग काढ."

"अधिकारी नसताना काढला तर हात तोडायची आज्ञा आहे. आपलीच."

राजा बसला. ऊन डोक्यावर आलं, कुंडाच्या वासाने राजाने नाक दाबलं. राजाचं नाव न सांगता माणूस धाडला, तर निरोप आला, धनी जेवताहेत. उन्हं कलल्यावर कालदंत ढेकर देत आला आणि राजाला पाहून जागीच थिजला.

शेला काढला. दोन टोकं धरताच मधोमध फाटला.

"यात आळस कुणाचा, महाराज?"

 राजाने कालदंताच्या हातातली मुद्रा घेतली आणि कुंडात फेकली. कायदा तिथेच बुडाला.

आपल्या पूर्वजन्माची ही गोष्ट सांगून शास्ता, म्हणजे भिक्षूंचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, तो कालदंत म्हणजे आज आपल्याशी वैर धरणारा देवदत्त, राजा म्हणजे आपला भिक्षू आनंद, आणि उपसाल मीच होतो."

एकट्याची सोय लाथाडून सगळ्यांसाठी राजाच्या तोंडावर खरं बोलणं, यालाच सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिसीमा, म्हणतात.