साळूची पाळी

टेकडीखाली एक बीळ होतं.
बिळात साळू राहायचा.
साळू म्हणजे साळिंदराचं छोटंसं पिल्लू. नाक काळं. डोळे बारीक. आणि पाठीवर काटेच काटे.

साळू चालला की काटे वाजायचे.
खुळखुळ खुळखुळ!
आवाज आला की सगळी पिल्लं बाजूला व्हायची.
"साळू आला! टोचेल, टोचेल!"

साळू कुणाला टोचायचा नाही. पण काटे होते ना!
म्हणून पकडापकडीत साळूला कुणी घ्यायचं नाही.
लपाछपीत कुणी घ्यायचं नाही.
साळू लांब बसायचा. बघत राहायचा.

पण एक खेळ होता. फुलाचा खेळ.
झाडाचं फूल नाही हं! पिसांचं फूल. पांढरं पांढरं, हलकं हलकं.
मधे वेलीची जाळी. अलीकडे साळू. पलीकडे दुसरं कुणीतरी. हातात पळसाच्या पानाची बॅट.
टप्! फूल पलीकडे जायचं.
टप्! फूल अलीकडे यायचं.
या खेळात काटे कुणाला लागायचे नाहीत.
या खेळात साळूशी कुणीतरी खेळायचं.

वर्षातून एकदा रानात स्पर्धा व्हायची. रानाचं खेळ मंडळ ती भरवायचं. घोरपडमावशी मंडळाची मुख्य.
आधी लहानांची पाळी. मग मोठ्यांची पाळी.
साळू वर्षभर वाट बघायचा.

आणि एकदाचा स्पर्धेचा दिवस आला.
साळू उठला. अंग झटकलं. बॅट घेतली. निघाला.
खुळखुळ खुळखुळ!

मैदानात कुणीच नव्हतं.
जाळी गुंडाळून ठेवलेली. घोरपडमावशी एकटीच बसलेली. तिच्यासमोर फुलांची टोपली. टोपलीच्या तळाशी दोन-चारच फुलं.

"मावशी, मावशी, माझी पाळी कधी?"
"यंदा लहानांचा खेळ नाही रे, साळू."
"का नाही?"
"फुलं महाग झाली, बाळा. आधी सुगरणताई मूठभर दाण्यांत फूल द्यायची. आता टोपलीभर दाणे मागते. मंडळाच्या कोठीत एवढे दाणे कुठले? आहेत ती फुलं मोठ्यांनाच पुरत नाहीत."

साळूने बॅटकडे बघितलं. मग मावशीकडे बघितलं.
"मी फूल आणलं तर?"
"तर लहानांचा खेळ लावीन. आणि पहिली पाळी तुझी."

साळू निघाला. खुळखुळ खुळखुळ!
सुगरणताईकडे आला. सुगरणताई बाभळीवर घरटं विणत होती.

"सुगरणताई, सुगरणताई, मला फूल दे ना!"
"कशाला रे?"
"फूल नाही, म्हणून खेळ नाही.
खेळ नाही, म्हणून मी एकटा."

"चिव चिव! फूल विणू कशाचं? पिसं मिळतच नाहीत. एकेका पिसासाठी कुठल्या कुठे उडून जावं लागतं. पंख दुखतात माझे. म्हणून तर फूल महाग झालं. पिसं आण, फूल देईन."

साळू निघाला. खुळखुळ खुळखुळ!
वाटेत पिल्लं खेळत होती. ती बाजूला झाली. साळू मधून गेला. मागे पुन्हा खेळ सुरू झाला.

साळू बदकआजीकडे आला. बदकआजी चिखलात बसली होती.

"बदकआजी, बदकआजी, मला पिसं दे ना!"
"कशाला रे?"
"पिसं नाहीत, म्हणून फूल नाही.
फूल नाही, म्हणून खेळ नाही.
खेळ नाही, म्हणून मी एकटा."

"पॅक पॅक! डुंबल्याशिवाय माझी पिसं गळतील कशी? तळ्यात बघ, पाणी आहे का? सगळी बदकं उडून गेली. माझ्याच्याने काही उडवेना. मी राहिले इथंच. पाणी आण, पिसं देईन."

साळू निघाला. खुळखुळ खुळखुळ!
तळ्याच्या मधोमध आला. तिथं ओलावा होता. बोटभर.

"तळ्या, तळ्या, पाणी दे ना!"
"कशाला रे?"
"पाणी नाही, म्हणून पिसं नाहीत.
पिसं नाहीत, म्हणून फूल नाही.
फूल नाही, म्हणून खेळ नाही.
खेळ नाही, म्हणून मी एकटा."

"बुडबुड! पाणी का माझं असतं? पाणी ओढा आणतो. यंदा ओढा आलाच नाही. मी आपलं वरती आभाळ बघत पडून असतो. ओढा आण, पाणी देईन."

साळू निघाला. खुळखुळ खुळखुळ!
चढण लागली. साळू चढला. दमला. थांबला. पुन्हा चढला.
वर ओढा होता. अगदी बारीक. टिप... टिप... टिप...

"ओढ्या, ओढ्या, खाली ये ना!"
"कशाला रे?"
"ओढा येत नाही, म्हणून पाणी नाही.
पाणी नाही, म्हणून पिसं नाहीत.
पिसं नाहीत, म्हणून फूल नाही.
फूल नाही, म्हणून खेळ नाही.
खेळ नाही, म्हणून मी एकटा."

"टिप टिप! यायचंय रे मला. पण वाटेत भला मोठा धोंडा पडलाय. त्याला म्हणावं, हल. धोंडा हलला, तर येईन."

साळू निघाला. खुळखुळ खुळखुळ!
धोंड्याजवळ आला. धोंडा केवढा! साळू केवढा!

"धोंडोबा, धोंडोबा, बाजूला व्हा ना!"
"कशाला रे?"
"धोंडा हलत नाही, म्हणून ओढा येत नाही.
ओढा येत नाही, म्हणून पाणी नाही.
पाणी नाही, म्हणून पिसं नाहीत.
पिसं नाहीत, म्हणून फूल नाही.
फूल नाही, म्हणून खेळ नाही.
खेळ नाही, म्हणून मी एकटा."

"मला का पाय आहेत? दरड घसरली, धडाम! मी इथं येऊन पडलो. कुणी ढकललं, तर हलेन."

साळूने धोंडा ढकलला.
धोंडा हलला नाही.
साळूने पुन्हा ढकलला. ऊंऽऽ! ऊंऽऽ!
धोंडा हलला नाही.

"तुझ्याच्याने नाही व्हायचं," धोंडा म्हणाला. "गवोबाला सांग. रानगवा आहे तो. टेकडीवर असतो. फार दांडगा आहे."

साळू निघाला. आता पाय दुखत होते.
खुळ... खुळ... खुळ... खुळ...

टेकडीवर वारा होता. गवत होतं. आणि एका झाडाखाली गवोबा बसला होता. काळा काळा, मोठा मोठा. शिंगं तर अशी! गवोबा रवंथ करत होता. आजूबाजूला कुणी नव्हतं.

साळूला भीती वाटली. तरी तो पुढे गेला.

"गवोबा, गवोबा, धोंडा ढकला ना!"
"कशाला रे?"
"कुणी ढकलत नाही, म्हणून धोंडा हलत नाही.
धोंडा हलत नाही, म्हणून ओढा येत नाही.
ओढा येत नाही, म्हणून पाणी नाही.
पाणी नाही, म्हणून पिसं नाहीत.
पिसं नाहीत, म्हणून फूल नाही.
फूल नाही, म्हणून खेळ नाही.
खेळ नाही, म्हणून मी एकटा."

गवोबा रवंथ करायचा थांबला.
मग म्हणाला, "आधी बस."
"कुठं?"
"इथं. माझ्याजवळ."
साळू लांबच उभा राहिला.
"माझे काटे टोचतात."
"माझी कातडी जाड आहे. बस."

साळू बसला.
अगदी जवळ बसला. गवोबाचं पोट गरम होतं. वर खाली, वर खाली होत होतं.

"तुम्ही एकटेच असता?" साळूने विचारलं.
"हं. कळप पुढे गेला. मी म्हातारा झालो. मागे राहिलो."
"मग दुसरं कुणी येत नाही?"
"माझी शिंगं बघतात आणि पळतात."
"मला बघून पण पळतात," साळू म्हणाला.
"हं," गवोबा म्हणाला.

वारा आला. गवत हललं. दोघं बसून राहिले.
बराच वेळ बसले.

मग गवोबा उठला. एक पाय, दुसरा पाय, तिसरा पाय, चौथा पाय.
"चल," म्हणाला. "कुठाय तुझा धोंडा?"

गवोबाने धोंड्याला डोकं लावलं.
हंऽऽफ! हंऽऽफ! हंऽऽऽऽफ!
गडगड गडगड धुम्म!

गवोबाने ढकललं, धोंडा हलला.
धोंडा हलला, ओढा आला. झुळझुळ झुळझुळ!
ओढा आला, तळ्यात पाणी आलं. डबडब डबडब!
पाणी आलं, बदकआजी डुंबली. डुबुक डुबुक! पॅक पॅक!
बदकआजी डुंबली, पिसं गळाली. पांढरी पांढरी, हलकी हलकी.
साळूने पिसं गोळा केली. सुगरणताईला दिली.
सुगरणताईने फूल विणलं. एक विणलं. अजून एक विणलं. टोपलीभर विणली.

"तुला काही दाणे नकोत?" साळूने विचारलं.
"नकोत रे. पिसं तूच आणलीस. आणि मावशीला सांग, आता तळ्यावर पिसं मिळतात. लांब उडायला नको. फूल पुन्हा मूठभर दाण्यांत."

साळू टोपली घेऊन धावला.
खुळखुळखुळखुळखुळखुळ!

"मावशी, मावशी, फुलं आणली!"
घोरपडमावशीने टोपलीत बघितलं. मग साळूच्या धुळीने भरलेल्या पायांकडे बघितलं.
"अगं बाई! एवढा लांब गेलास? एकटाच?"

ससेभाऊ उडी मारून पुढे आला. तो मोठ्यांच्या खेळात पहिला यायचा.
"नवी फुलं! आणा इकडे. आधी मोठ्यांचा खेळ!"
"नाही," मावशी म्हणाली. "मी साळूला शब्द दिलाय. लहानांचा खेळ आधी. पहिली पाळी साळूची."
"पण मावशी..."
"ससेभाऊ, जाळीचं ते टोक धरा बघू."
ससेभाऊने टोक धरलं. जाळी बांधली.

साळू अलीकडे उभा राहिला. एका हातात बॅट. एका हातात फूल.
पलीकडे बघितलं.

पलीकडे कुणीच नव्हतं.

खेळ नाही म्हटल्यावर पिल्लं केव्हाच निघून गेली होती.
फूल होतं. जाळी होती. पाळी पण साळूचीच होती.
पण साळू एकटाच होता.

मावशीने हाक मारली. "आहे का कुणी? लहानांचा खेळ आहे रे!"
कुणी आलं नाही.
मावशीने पुन्हा हाक मारली.
साळूने फूल खाली ठेवलं.

तेवढ्यात एक झुडूप हललं. सळसळ!
झुडपातून एक डोकं बाहेर आलं. लाल डोळे. लांब नाक. मुंगसाचं पिल्लू.

"मी येऊ?"
"तू कोण?" मावशीने विचारलं.
"मी झिपरी. पल्याडच्या माळावरून आले. खेळायला आले होते. तर ससेभाऊ म्हणाला, लहानांचा खेळ नाही. घर तर लांब. म्हणून इथंच बसले."
"कधीपासून बसलीस?"
"सकाळपासून."
"कुणाबरोबर?"
"कुणाबरोबर नाही."

झिपरी जाळीपलीकडे गेली. तिच्याकडे बॅट नव्हती. तिने पळसाचं एक पान तोडलं. नीट धरलं.
"मार!" म्हणाली.

साळूने मारलं. टप्!
झिपरीने मारलं. टप्!
अलीकडे टप्! पलीकडे टप्!
अलीकडे टप्! पलीकडे टप्!
घोरपडमावशी टाळ्या वाजवू लागली. ससेभाऊ फूल बघत मान फिरवू लागला. इकडे, तिकडे. इकडे, तिकडे.

आणि मग...
फुलाचं एक पीस गळालं.

साळू थांबला. फूल खाली पडलं. साळूचा चेहरा एवढासा झाला.
"मोडलं," तो म्हणाला. "आता खेळ बंद."
झिपरी जाळीखालून अलीकडे आली. तिने फूल उचललं. इकडून बघितलं, तिकडून बघितलं.
"एकच पीस गेलंय! बाकीची आहेत की!"
"पण ते वाकडं जाईल."
"जाऊ दे वाकडं. मी वाकडी धावेन."

मावशी हसली. "बरोबर बोललीस. चांगली फुलं सामन्याला ठेवू. अशी एका पिसाची खोट असलेली लहानांना रोज खेळायला. उगाच कशाला टाकायची?"
"रोज?" साळूने विचारलं.
"रोज," मावशी म्हणाली.

झिपरी पुन्हा पलीकडे गेली. पान नीट धरलं.
साळूने मारलं. टप्!
फूल वर गेलं. वाकडं गेलं. पार कडेला गेलं.
झिपरी धावली. घसरली. पडली. उठली. मातीने भरली. आणि खी खी खी हसायला लागली.
साळू पण हसला.

"आता मी मारते हं!" झिपरी ओरडली. "साळू, तयार?"
"तयार!"

टप्!