अळणी पेज

फार मागे वेत्रपूर नगरीवर सुबाहू नावाचा राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व तिथे एका कापडव्यापाऱ्याच्या घरी जन्मले होते. त्यांचं नाव सुनेत्र. कोष्ट्यांना सूत द्यायचं, विणलेला तागा मजुरी देऊन घ्यायचा आणि परदेशी तांड्यांना विकायचा, हा त्यांचा पिढीजात धंदा.

राजाला तळ्याच्या मधोमध महाल बांधायची हौस आली. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण गवंड्याला असतं. खजिना आटला तेव्हा पिंगल नावाच्या अमात्याने तोड काढली. चांदीच्या नाण्यात तांबं मिसळायचं, वर छाप तीच राजाची. राजा खूश झाला. आपण आपल्याच प्रजेच्या दुधात पाणी घालतो आहोत हे त्याच्या ध्यानात आलं नाही, आणि आलं असलं तरी त्याने कुणाला सांगितलं नाही.

गावातल्या गावात काही दिवस खपून गेलं. पण वेत्रपूरला समुद्र नाही. मीठ परमुलखातून बैलांच्या पाठीवर यायचं, आणि मीठवाले छाप बघत नसत, तराजू बघत. त्यांनी नाणी तोलली, दगडावर घासली आणि मिठाचा भाव दुप्पट केला. मग तेल चढलं. मग तांदूळ, कारण तांदूळवाल्यालाही मीठ लागतंच. बायका पदराची गाठ चाचपत बाजारात जात आणि भाव विचारायलाही कचरत.

सुनेत्रांच्या घरी मात्र उलटी गंगा वाहत होती. तांडेवाले कापडाची किंमत चोख चांदीत देत. आता चांदी थोडी कमी घेतली तरी ती मोडून नवी नाणी पहिल्यापेक्षा कितीतरी जास्त मिळत, म्हणून त्यांनी भाव उतरवला आणि कापड हातोहात खपू लागलं. कोष्ट्याची मजुरी मात्र होती तेवढीच. मुनीम हात चोळत म्हणाला, "शेठ, लक्ष्मी चालत घरी आली." सुनेत्रांनाही बरं वाटलं. बोधिसत्त्व झाले म्हणून काय झालं, व्यापाऱ्याच्या पोटी जन्मले होते. नफा कुणाला कडू लागतो?

वेत्रपुरात एक रीत होती. मागावर नवी ताणी, म्हणजे नव्या कापडाचे उभे धागे, चढली की त्या दिवशी शेठने कोष्ट्याच्या घरी जाऊन त्याच्या चुलीवरची पेज प्यायची. त्याशिवाय कोष्टी धोटा हातात घेत नसे. दुसरी रीत मजुरीची. कोष्टी आणि व्यापारी यांच्या सभेत ती वर्षातून एकदा, वसंतात, शपथेवर ठरे. मध्येच वाढवून मागणारा कोष्टी, किंवा देणारा व्यापारी, शपथ मोडणारा ठरायचा, आणि त्याच्या घरी कुणी सोयरीकसुद्धा करत नसे.

एकदा कोष्टी आळीत घरोघर ताणी चढली, तेव्हा सुनेत्र आधी कोट्टक नावाच्या कोष्ट्याकडे पेज प्यायला गेले. त्याच्या बायकोचं, सामाचं, बाळंतपण जवळ आलं होतं. आधीची दोन्ही लेकरं गेली होती, म्हणून दोघंही आनंदाबद्दल बोलायचंच टाळत. सुनेत्रांनी पेजेचा घोट घेतला. अळणी. घाईत विसरली असेल बिचारी, असं म्हणून ते पुढच्या घरी गेले. तिथेही अळणी. त्याच्या पुढेही तेच. एक घर मीठ विसरेल, अख्खी आळी कशी विसरेल? ते तसेच कोट्टकच्या घरी माघारी फिरले.

"सामा, मीठ नाही का गं घरात?"

सामाने मान खाली घातली. "आहे थोडं, शेठ. बाळंतपणासाठी बांधून ठेवलंय."

कोट्टक म्हणाला, "ही ताणी विणून झाली की माग विकणार आहे. गिऱ्हाईक ठरलंय."

"अरे, माग विकून खाशील काय?"

"डोईवर ओझी वाहीन. हिच्या पोटात तांदूळ-तूप गेलं पाहिजे. दोन गेली, शेठ. हे जाऊ द्यायचं नाही."

"मग माझ्याकडे मागायचं होतंस."

"कोणत्या तोंडाने? शपथेवर मजुरी घेतलेली. तुम्ही ठरलं तेवढं देताय. आमचाच हात कुठेतरी सैल सुटलाय, पुरवठ्याला येत नाही." तो आवाज खाली आणून म्हणाला, "शेजारी बोलू नका. आळीत लाज जाईल."

माघारी येताना शेजाऱ्याला विचारलं, तेव्हा त्यानेही हेच सांगितलं होतं, आवाज असाच खाली आणून. प्रत्येक घराला वाटत होतं की उधळे आपणच. प्रत्येक घर दुसऱ्यापासून रिकामा डबा लपवत होतं.  आपल्या पेटीत जे वाढतंय ते इथून निघालंय, हे सुनेत्रांना कळून चुकलं.

ते राजाकडे गेले. पिंगल हसून म्हणाला, "महाराज, कापड एवढं कधीच खपलं नव्हतं. जकात वाढली. श्रेष्ठींनाच विचारा, त्यांचा गल्ला भरतोय की नाही."

"भरतोय," सुनेत्र म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण मी कापड पहिल्यापेक्षा चांगलं दिलेलं नाही. हा वाढावा कोष्ट्याच्या ताटातून आलाय, महाराज."

राजा तळ्याकडे बघत म्हणाला, "महाल पुरा होऊ दे, मग बघू." या 'मग बघू'मध्येच राजे लोकांचं निम्मं राज्य निघून जातं.

परतताना सुनेत्रांना भीती वाटत होती. शपथ मोडली तर सभा वाळीत टाकील, तांडे दारात येणार नाहीत. न मोडली तर कोट्टकचा माग जाईल, आणि त्यापाठोपाठ काय जाईल याचा विचार त्यांना करवेना. ते थेट आळीत गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "आजपासून मजुरी नाण्यांवर मोजायची नाही. वसंतात एका ताग्याच्या मजुरीत जेवढं तांदूळ, तेल, मीठ येत होतं, तेवढं आजही घरात आलं पाहिजे. नाणी लागतील तेवढी लागोत."

कोट्टक हात पुढे करेना. "शपथेचं काय, शेठ?"

"तू मागितलेलं नाहीस. मोडतोय मी."

सभेने त्यांना वाळीत टाकलं. तांड्यांना निरोप गेला, कापड घरात पडून राहिलं. आधी नफा गेला, मग मुनीम गेला, मग बायकोचे दागिने.  पुढच्या वेळी मजुरी द्यायला जमेल का, हा घोर सुनेत्रांना लागून राहिला होता. पण कोट्टकने मागाचं गिऱ्हाईक परत पाठवलं.

आणि आळीतल्या बायका पहिल्यांदा मोकळेपणी बोलल्या. तुझ्याकडेही नव्हतं का गं? लाज गेली तशी गोष्ट गावभर झाली. तळ्यावरच्या गवंड्यांनी थापी खाली ठेवली आणि आमचीही मजुरी तशीच मोजा म्हणाले. मग राजवाड्याचे पहारेकरीही तेच म्हणू लागले. राजा चिडून एका पहारेकऱ्याला म्हणाला, "माझी छाप असलेलं नाणं नाकारतोस?"

"छाप तुमचीच आहे, महाराज. पण माझी म्हातारी आई छाप खात नाही."

 राजाने महाल अर्धा सोडला आणि तांबं मिसळणं बंद केलं. भाव काही लगेच उतरले नाहीत. सुनेत्रांचा व्यापारही परत उभा राहिला नाही. उरलेलं आयुष्य त्यांनी सुताच्या लहानशा दुकानात काढलं. सामाला मुलगा झाला, आणि तो जगला.

एवढी आपल्या मागच्या जन्मीची गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "पिंगल होता तो आजचा देवदत्त. राजा होता तो तुमच्यातलाच भिक्षू उदायी. त्याला अजूनही उशिराच समजतं. कोट्टक आणि सामा याच सभेत मागे बसले आहेत, नावं घेत नाही, लाजतील. सुनेत्र तो मी. आणि ज्याच्यासाठी बाप माग विकायला निघाला होता ते लेकरू म्हणजे हा मला वारा घालणारा आनंद."

आनंदाचा हात थांबला. मागे वळून बघावं की नाही, हे त्याला कळेना.

शास्ते म्हणाले, "आपल्या वाढलेल्या नफ्यात दुसऱ्याची भूक ओळखायची आणि ज्याचं होतं ते त्याला परत करायचं, त्या जन्मी मी हे शिकलो. भिक्षूंनो, हिचं नाव करुणा."