हत्ती गेल्यावरचे रहाट

ऐका, फार जुन्या काळची गोष्ट आहे. समुद्राच्या पातळीखाली वसलेलं एक राज्य होतं. बांधातून पाझरणारं खारं पाणी तिथे अखंड उपसावं लागे. त्यासाठी रांगेने रहाट होते, आणि सगळे एकाच लांब लाकडी आसाला जोडलेले. मधल्या रहाटाला एक म्हातारा हत्ती होता, बाकीच्यांना घोडे.

हत्तीची चाल संथ, पण ठाम. आस अडखळला तरी त्याच्या वजनामुळे पुन्हा सावरे. घोड्यांना शिकवण एवढीच होती: आसाचा ताल ऐका, त्यात पाय मिळवा. ताल फारच बिघडला तर जोखड झटकून बाजूला व्हा, नाहीतर पाय मोडेल.

कारभाऱ्याच्या डोळ्यांत हत्तीचा खुराक खुपत होता. "महाराज, हा पांढरा हत्ती किती दिवस पोसायचा? एवढ्या चाऱ्यात चपळ घोडे येतील." राजाने मान डोलावली. हत्तीला रानात हाकलून द्यायचं आणि त्याच्या जागी घोडा जुंपायचा असं ठरलं.

निघताना हत्ती शेजारच्या घोडीला म्हणाला, "बाई, आता ताल तुमच्यापैकीच कुणीतरी धरा. नुसता ऐकून भागायचं नाही."

"आम्ही इतके जण आहोत की, आजोबा," घोडी म्हणाली. तिचं शिंगरू खाली सखल कुरणात बागडत होतं.

रहाट पूर्वीपेक्षा हलके फिरू लागले. कारभाऱ्याने मिशीवर ताव दिला.

मग एका मोठ्या भरतीला बांधावरून ओंडका वाहत आला आणि एका रहाटात अडकला. आसाला गचका बसला. एक घोडा मंदावला, त्याचा ताल ऐकून दुसरा मंदावला. तिसरा बिथरून धावत सुटला, चौथा त्याच्यामागे. आस पिळवटू लागला. शिकवणीप्रमाणे एकाने जोखड झटकलं. त्याचं ओझं इतरांवर आलं, मग त्यांनीही झटकलं.

पाय रोवून जुनी चाल धरली तर आस सावरेल, हे घोडीला कळत होतं. पण तिला वाटलं, मी एकटीने धरून काय होणार? तिनेही जोखड टाकलं.

रहाट थांबले. हत्तीला आणायला माणसं धावली, पण तो उपासमारीने केव्हाच मेला होता. घोडी कुरणाकडे धावली, तर तिथे नुसतं पाणी. शिंगरू शेवटपर्यंत सापडलं नाही.

घोड्यांचे पाय मात्र सगळे शाबूत राहिले. त्या धडधाकट पायांवर घोडी जन्मभर बांधावर उभी राहिली, आणि त्या पायांचा तिला काही उपयोग नव्हता.

तात्पर्य काय, जिथे सगळेच दुसऱ्याचं पाहून चालतात आणि संकटात आपापला पाय वाचवतात, तिथे वाचवण्यासारखं काहीच उरत नाही.