मुकुऱ्याच्या बांधावर कोणी बसत नाही

मुकुऱ्याला यायचं तर एका डब्याच्या गाडीने शेवटच्या स्टेशनापर्यंत यावं लागतं, तिथून दिवसातून दोनदा सुटणाऱ्या बसने खोऱ्याच्या तोंडाशी, आणि पुढे पायी. म्हणून इथे गर्दी नसते. नसते तेच बरं. वसंतात चेरी फुलली की जपानभर माणसं बागांतून लोटतात, निळ्या ताडपत्र्या अंथरतात, डबे उघडतात, साके पितात आणि झाडाखाली लोळतात. ज्यांना लोळायचं आहे त्यांनी खुशाल तिकडे जावं.

इथे नदीकाठी एक मातीचा बांध आहे. त्याच्या माथ्यावरून सहाशे पावलांची वाट जाते आणि गावाकडच्या अंगाने चेरीची रानझाडं तिच्यावर वाकलेली असतात. फूल लहान, पांढरं, त्याच्यासोबतच तांबूस कोवळी पालवी. शहरातल्या गुलाबी ढगांसारखं काही नाही. पण ह्या वाटेवर बाक नाही, चटई नाही, आणि कोणी बसलंच तर गावातलं कोणीतरी येऊन त्याला उठवतं. पुलापाशी नदीतल्या गोट्यांचा ढीग आहे. आलेल्याने आपल्याला झेपेल तो दगड उचलायचा, पाठीवरच्या पेंढ्याच्या झोळीत टाकायचा आणि टाच नीट टेकवत शेवटपर्यंत चालायचं. तिथे तो ठेवायचा, दुसरा घ्यायचा, परत यायचं. फुलं पाहायची ती चालता चालता. कडेवर लेकरू असेल तर दगड नको, लेकरू चालेल. वजनाशी मतलब.

पाहुणे विचारतात, हा कसला नवस? नवस नव्हे. काय आहे ते आमच्या आज्या सांगायच्या, त्यांना त्यांच्या आज्यांनी सांगितलं. मी त्यात मीठमसाला घातलेला नाही.

फार जुनी गोष्ट आहे, डोंगरापलीकडच्या सरदाराची सत्ता ह्या खोऱ्यावर चालायची तेव्हाची. मुकुरा नदी एरवी गरीब गाईसारखी, पण जूनची झड लागली की तिच्या अंगात यायचं. त्या वर्षी बांध तिसऱ्यांदा फुटला. भाताची खाचरं रेतीखाली गेली आणि सात माणसं वाहून गेली. त्यांत शिगे नावाच्या बाईचा एकुलता एक मुलगा होता. घरात मागे राहिल्या दोघी : साठी उलटलेली शिगे आणि तिची चोवीस वर्षांची सून मित्सु.

शिगे वाराजी विणायची. वाराजी म्हणजे भाताच्या पेंढ्याची, दोरीने पायाला बांधायची चप्पल. अख्खं खोरं तिच्या हातच्या वाराजी घालून चालायचं. कोणाची टाच आतून झिजते, कोण डावा पाय ओढतो, कोणाच्या घरात कोण काम करतं आणि कोण नुसतं दारात उभं राहतं, हे तिला तोंड न पाहता कळायचं म्हणे. तोंडाने ती फटकळ होती. कोणी झिजलेली वाराजी बदलायला आणली की आधी ती हातात फिरवून पाहायची आणि मग त्या माणसाला त्याच्याबद्दल काहीतरी सांगायची. ते खरं असायचं, म्हणून लोक तिला टाळायचे. पण चपलेवाचून चालतं कोणाचं?

बांध तीनदा फुटल्यावर गाव घाबरलं. बांधात जिवंत माणूस गाडलं की तो टिकतो, असा त्या काळी आजूबाजूच्या खोऱ्यांत समज होता. पलीकडच्या गावाने तसं केलं आणि त्यांचा बांध टिकला, असं कोणीतरी ऐकून आलं. पाहिलं होतं कोणी? कोणीच नाही. तरी गाव बसलं आणि ठरलं : दर घरातून जो बांधाच्या कामाला जातो त्याने आपली एक वाराजी पुलावरून नदीत सोडायची. ज्याची आधी बुडेल त्याला नदीने मागितलं असं समजायचं. फुटलेला बांध बुजवताना त्याला आत ठेवायचं.

नदीदेवतेला उष्टी वस्तू कशी द्यायची? म्हणून प्रत्येक घराने शिगेकडून नवी वाराजी विणून घेतली. तिने सगळ्यांच्या विणल्या आणि सुनेसाठी एक जोड खुंटीला अडकवून ठेवली. ठरल्या सकाळी माणसं आंघोळी करून, कोऱ्या वाराजी हातात धरून पुलावर जमली. मित्सु मात्र पहाटेपासून बांधावर मातीच्या टोपल्या वाहत होती. खिंडार तसंच उघडं होतं, आणि नवरा जिथून गेला ती जागा तिला बुजवायची होती. देवळाची घंटा वाजली तशी ती धावत पुलावर आली, घरी जाऊन नवी जोड आणायला सवड नव्हती, म्हणून तिने पायातली सोडून नदीत टाकली.

बाकीच्या वाराजी बदकांसारख्या तरंगत गेल्या. मित्सुची दगडासारखी तळाला गेली.

बायका मित्सुपासून हातभर दूर सरकल्या. शिगे पुलावरून खाली उतरली, कमरेइतक्या पाण्यात शिरली आणि चाचपडत चाचपडत ती वाराजी वर घेऊन आली. कमरेच्या विळ्याने तिने ती गावाच्या समोर उभी चिरली. वीण चिकणमातीने गच्च भरलेली होती.

"हिला नदीने मागितलेलं नाही," शिगे म्हणाली. "हिच्या चपलेत बांधाची माती आहे. तुमच्या चपलांत काय आहे? माझ्या हातचा कोरा पेंढा. जी सगळ्यांत जास्त राबली ती बुडाली. तिलाच गाडा, मग पुढच्या साली माती वाहायला कोणाला बोलवाल?"

गावप्रमुख जिन्बेई समजूतदार माणूस होता, पण सात प्रेतं त्याने स्वतः उचलली होती. तो म्हणाला की कौल परत घेता येत नाही.

"परत कोण मागतंय?" शिगे म्हणाली. "पुढे ढकल. तुला उभं राहता येत नव्हतं तेव्हापासूनचे तुझे पाय मला माहीत आहेत, जिन्बेई. एक पावसाळा दे. बांध फुटला तर हिच्याआधी मला गाड."

जिन्बेईने एक पावसाळा दिला.

आता बांध टिकवायचा कसा, हे शिगेला तरी कुठे माहीत होतं? तिला पाय माहीत होते. ती तुटलेल्या बांधावरून इकडून तिकडे चालली, वाकून माती दाबून पाहिली, आणि तिच्या एक गोष्ट ध्यानात आली. नावेच्या उतारापाशी, जिथून लोक रोज जा-ये करायचे, तिथे बांध तिन्ही वेळा फुटला नव्हता. जिथे माणसाचं पाऊल पडत नव्हतं तिथेच तो फुटला होता. एवढी साधी गोष्ट, आणि गाव निघालं होतं माणूस गाडायला!

खिंडार भरून होताच दोघी पाठीवर दगड बांधून बांध तुडवायला लागल्या. शरद गेला, हिवाळा आला, बर्फ पडलं, तरी त्या चालत राहिल्या. सासू पुढे, सून मागे. एकदा मित्सु म्हणाली म्हणे, "आई, गाडून घेतलं असतं तर निदान झोप तरी झाली असती."

"झोपायला अख्खं मरण पडलंय," शिगे म्हणाली. "चाल."

आणि बर्फ वितळल्यावर पाहतात तर सगळी मेहनत मातीमोल. इथली थंडी जमिनीत शिरते. आतलं पाणी गोठून फुगतं, माती उकलते, आणि थंडी सरली की बांध भुसभुशीत होऊन राहतो. शिगेचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. तिने तो तसाच ठेवला आणि वाकून माती बोटांनी चिवडून पाहिली. तुडवायचं ते बर्फ वितळल्यानंतर आणि झड लागायच्या आत, हे तिला त्या दिवशी कळलं. हाती उरले होते दोन महिने. दोन बायकांचे चार पाय पुरणार नव्हते.

तिने दवंडी दिली : पाठीवर दगड घेऊन जो बांधावरून दहा फेऱ्या मारील त्याला वाराजीची एक जोड. गाव हसलं. पण फुकटची वाराजी कोण सोडतं? आधी आळशी आले, मग चिकट आले, मग ज्यांना लाज वाटत होती तेही आले. पेंढा संपला तेव्हा शिगेने अंथरुणातला काढला, तोही संपला तेव्हा छपराचा. झड लागली तेव्हा दोघींच्या घरात पाणी गळत होतं आणि नदी बांधाच्या माथ्याखाली वीतभर उरली होती. पण बांध हलला नाही.

मित्सु जगली. एका वर्षापुरती. कारण लगेच गावात कुजबुज सुरू झाली की दरसाल कोण तुडवणार? म्हातारीची बोटं किती वर्षं चालणार? एकदाच काय ते करून मोकळं व्हावं. कौल तर अजून तसाच पडून होता.

शिगेने माणसं आयुष्यभर पायांवरून वाचली होती. कामाला बोलावलं की ज्यांचे पाय दुखतात, तेच मौजेला बोलावलं की अर्धा दिवस डोंगर चढतात. बर्फ वितळल्यानंतरच्या ह्याच दोन महिन्यांत गावातली तरणीताठी माणसं वरच्या खिंडीत चेरीचा फुलोरा पाहायला जायची. तिने ठरवलं, खिंड खाली आणायची.

दोघी डोंगरावर गेल्या, रानचेरीची रोपं मुळांच्या मातीसकट उपटली आणि पाठीवरून खाली आणली. बांधाच्या माथ्यावर लावली नाहीत, मुळं कुजली की मातीत पोकळी राहते. गावाकडच्या पायथ्याशी लावली, म्हणजे फांद्या माथ्यावर येतील आणि पाहणाऱ्याला माथ्यावरूनच चालावं लागेल. हे सगळं तिला शिकवायला कोणी पंडित आला नव्हता.

झाडं फुलायला आठ वर्षं लागली. आठही वसंत शिगे बांधाच्या तोंडाशी वाराजी विणत बसली आणि येईल त्याला चालायला लावत राहिली. पाचव्या साली झडीत बांधाच्या मध्यावर पाणी पाझरू लागलं. देवळात माणसं जमली आणि मित्सुचं नाव पुन्हा निघालं. शिगे ऐकायला गेली नाही. ती आणि मित्सु पाठीवर दगड घेऊन त्या पाझराच्या जागी उभ्या राहिल्या, माती टाकायच्या आणि तुडवायच्या. दुपारपर्यंत त्या दोघीच होत्या. मग पावसातून जिन्बेई येताना दिसला. मित्सुला वाटलं, न्यायला आला. तिने सासूचा हात धरला.

त्याच्या पाठीवर दगड होता. तो मित्सुच्या शेजारी उभा राहिला आणि टाचा मारू लागला. त्याच्या मागून देवळात बसलेली माणसं एकेक करून आली, कारण गावप्रमुख भिजत असताना कोरडं बसणं बरं दिसत नाही. संध्याकाळपर्यंत पाझर थांबला. कौलाचा विषय त्या दिवसानंतर कोणी काढला नाही.

आठव्या वसंतात फुलोरा आला. चार गावांची माणसं लोटली. आणि आली ती चटया घेऊन आली, बांधावर अंथरल्या आणि खुशाल फतकल मारून बसली. सत्तरीची शिगे काठी घेऊन उठली. बसायचं असेल तर घरी बसा, तिथे चांगलं छप्पर आहे, असं म्हणत तिने बांध ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रिकामा केला. सरदाराचा कारभारी पालखीतून आला होता, त्यालाही तिने खाली उतरवून चालायला लावलं म्हणतात. जाडजूड माणूस होता. त्याचं वजन वाया घालवणं तिला परवडणारं नव्हतं.

पुढे ती अंथरुणाला खिळली तेव्हा जिन्बेई, तोही आता पिकला होता, तिला भेटायला आला. गावाची इच्छा त्याने सांगितली. तिला बांधावर, पहिल्या झाडाखाली पुरावं, वर शिळा उभारावी, म्हणजे पुढच्या पिढ्या हात जोडतील. मित्सु शेजारी होती. तिला वाटलं, म्हातारी आता तरी सुखावेल.

शिगे उठून बसली.

"माझं एक हाडसुद्धा त्या बांधात जाता कामा नये," ती म्हणाली. "आज मला पुरलंत तर उद्या म्हणाल, बाई गाडली म्हणून बांध टिकला. मग चालायचं सोडून द्याल. आणि फुटला की पुन्हा कोणाची तरी सून शोधाल."

तिने जिन्बेईकडून शब्द घेतला, मगच आडवी झाली.

मित्सु ऐंशी वर्षं जगली. अखेरच्या वसंतापर्यंत ती बांधावर चालत होती.

आजही मुकुऱ्याच्या बांधावर देऊळ नाही, शिळा नाही, नावाची पाटी नाही. शिगे टेकडीमागच्या स्मशानात आहे, सगळ्यांच्या रांगेत, आणि मित्सु तिच्या डाव्या हाताला. गेल्या साली शहरातून आलेल्या एका बाईंनी हळुवार आवाजात मला विचारलं, ह्यातल्या कोणत्या झाडाखाली त्या बिचारीला पुरलंय? कुठल्याशा पत्रकात तसं छापलंय म्हणे. मी त्यांना ढिगातला चांगला मोठा दगड काढून दिला.

बांधाखाली कोणी नाही, बाई. जे आहेत ते वर आहेत. टाच टेकवून चला.