फिलेनाचा साक्षीदार

“ही बाई माझी दासी आहे, आणि माझी तांब्याची कढई चोरून पळाली आहे,” नेविअसने रोमी सुभेदारापुढे आपली फिर्याद वाचली. “दोन्ही मला परत मिळाव्यात.”

फिलेना समोरच उभी होती. कोपरापर्यंत हात निळे झालेले. नेविअसच्या काकांकडे तिने वीस वर्षं लोकर रंगवली. मरायच्या आदल्या वर्षी काकांनी तिला अंमलदारापुढे नेऊन मुक्त केलं. रोमी नागरिकाने रीतसर मुक्त केलेली दासी स्वतः नागरिक होते. तिने बाजारात दुकान थाटलं. दुकान चालू लागलं, तसं ते काकांचा वारस असलेल्या या पुतण्याच्या डोळ्यांत खुपू लागलं.

“मुक्त केल्याचा लेख?” सुभेदाराने विचारलं.

“लेख झाला नाही, सरकार. अंमलदारांनी तोंडी जाहीर केलं.”

“मग त्यांनाच घेऊन ये. उन्हं उतरायच्या आत.”

“त्यांचं जहाज गेल्या हिवाळ्यात बुडालं.”

“ते मला सांगू नकोस. साक्षीदार नाही, तर तू दासी.”

नेविअस गालात हसला. तिला खाणीवर विकायचं त्याने ठरवूनच टाकलं होतं. पण फिर्यादीचा शब्दन् शब्द फिलेनाने ऐकला होता.

“साक्षीदार इथेच आहे, सरकार. आधी एक सांगा. दासीने मालकाची वस्तू उचलली, तर मालक तिच्यावर चोरीचा दावा लावतो?”

“छे! दासी त्याची, तिच्या हातातली वस्तूही त्याचीच. काय शिक्षा करायची ती तो घरी करेल. दावा लावतात तो स्वतंत्र माणसावर.”

फिलेना वळली. “नेविअस, नीट आठवून सांगा. चोरीचा दावा माझ्यावरच आहे ना?”

“तुझ्यावरच. शपथेवर सांगतो. माझ्या हाताने लिहिलाय, खाली शिक्काही माझाच आहे.”

“सरकार, हेच माझे साक्षीदार.”

लोक खो खो हसले. नेविअस चाचरत म्हणाला, “मग... दावा मागे घेतो.”

“म्हणजे खोटी शपथ घेतलीस?” सुभेदाराने भुवई उंचावली. मग तो फिलेनाकडे वळला. “बरं, बाई, तू स्वतंत्र. पण आता चोरीचा जबाब दे.”

“कढई जुन्या मालकांनीच मला कामाला दिली होती. मुक्त करताना परत मागितली नाही. मालकाने जे परत घेतलं नाही ते सुटलेल्या दासाचं, असा तुमचाच कायदा आहे ना? मला तो रंग ढवळता ढवळता पाठ झाला. तुम्ही तर पाठशाळेत शिकला असाल.”

सुभेदार पोट धरधरून हसला. डोळे पुसत तो कारकुनाला म्हणाला, “पलटणीचे सगळे झगे रंगवायला हिच्याकडे पाठव. आणि ब्राँझच्या पत्र्यावर कोरून दे, फिलेना, रोमी नागरिक. खाली साक्षीदार म्हणून नेविअसचं नाव घाल.”