पाखऱ्याचा अर्ज

"पोळ्याची परवानगी? मिळेल की! पोळा झाल्यावर आठ दिवसांनी!"

खंडोपंत कारभाऱ्यांनी एवढं सांगितलं आणि शांतपणे पानाला चुना लावला. समोर शेतकऱ्याची पोर तानू उभी होती. तिला वाटलं, पंत थट्टा करताहेत. पण पंतांनी जन्मात कधी थट्टा केली नव्हती.

झालं होतं असं. मागच्या वर्षी कुंभारगडचे भुजंगराव राजे हत्तीवरून निघाले असताना कुणाच्या तरी वरातीची पताका त्यांच्या फेट्यात अडकली. फेटा वर पताकेला लटकत राहिला आणि राजे बोडक्या डोक्यानं पुढे गेले! दुसऱ्याच दिवशी हुकूम सुटला. पताका लावायची, मिरवणूक काढायची, तर परवाना हवा! राजांनी स्वतः बसून कलमं लिहिली. रस्त्यातले खड्डे बुजवायला त्यांना सवड नव्हती, पण कलमांसाठी काढली बिचाऱ्यांनी.

"चार शिक्के आणायचे," पंत म्हणाले. "वेशीवर नाईकाचा, पेठेत चौधऱ्यांचा, चावडीवर कोतवालांचा आणि पारावर मारुतीच्या गुरवाचा. चारी शिक्के मिरवणुकीच्या दिवसाचेच हवेत. मग अर्ज राजवाड्यावर द्यायचा. तिथं महाराज आठ दिवस विचार करतात."

"पण पंत, पोळा एकच दिवस असतो ना!"

"तो पोळ्याचा दोष. कलमांत काही चूक नाही!"

तानूच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिच्या घरचा पाखऱ्या बैल तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. सलग बारा वर्षं गावाच्या पोळ्यात पुढे चालण्याचा मान त्याचा. आता उठताना त्याचे गुडघे थरथरायचे. सकाळीच बापानं त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं होतं, "पोरी, याचा हा शेवटचा पोळा गं. एकदा वेशीतनं मिरवून आणू त्याला."

तिनं डोळे पुसले. "पंत, ती कलमं जरा वाचून दाखवता का? पहिल्यापासून?"

पंतांना भरून आलं. असं प्रेमानं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं! त्यांनी खणखणीत आवाजात वाचलं. "अर्जदाराने मिरवणुकीतील माणसे, जनावरे, वाद्ये व पताका, मिरवणुकीत असतील तशाच थाटात, प्रत्येक शिक्क्याच्या जागी तपासणीस हजर करावीत. वाद्ये वाजवून व पताका फडकवून दाखवावी."

"दाखवावीच लागते?"

"म्हणजे काय! न दाखवल्यास फटके!"

"नको बाई फटके! दाखवू की!" तानू म्हणाली आणि घराकडे पळाली.

पोळ्याचा दिवस उजाडला. पाखऱ्याच्या शिंगांना बेगड लागली, पाठीवर झूल चढली, गळ्यात घुंगुरमाळ आली. मागे गावातल्या साठ बैलजोड्या. पुढे हलगीवाले. आणि तानूच्या हातात उंच काठीला लाल पताका!

वेशीवर नाईक आडवा आला. "परवाना?"

"तोच मागायला निघालोय, नाईककाका! तपासा बघू. शिंगं कमानीत बसतात का?"

नाईकानं एकशे एकवीस बैल कमानीखालून नेऊन बघितले. बसली शिंगं. शिक्का!

पेठेत चौधरी म्हणाले, "हलगी फार मोठी वाजते का?"

"तुम्हीच ऐका की, दादा! आणि पुरं ऐकल्याशिवाय शिक्का देऊ नका हं!"

चौधऱ्यांनी पुरं ऐकलं. तिसऱ्या ठेक्याला त्यांचा पाय हलायला लागला. शिक्का!

चावडीवर कोतवालांनी पताका पाच वेळा फडकवून घेतली. पारावर गुरवाला शंका आली की, नैवेद्य खाऊन बैल बिथरले तर? मग काय, बायकांनी ताटं आणली, बैलांना ओवाळलं, पुरणपोळ्या चारल्या. एकही बैल बिथरला नाही. शिक्का!

गाव दुतर्फा उभं होतं. सगळे जण तोंडं गंभीर करून अर्ज बघत होते.

हलगी राजवाड्यापुढं आली तसे भुजंगराव सज्जात धावले. "बंद करा! परवान्याशिवाय पोळा काढला? कोण ती पताकावाली?"

"पोळा?" तानूनं इकडं तिकडं बघितलं. "कुठंय पोळा, महाराज? ही तर अर्ज द्यायची रांग आहे!"

"रांगेत हलगी?"

"वाजवून दाखवावी, असं आपलंच कलम आहे."

"आणि हे नटवलेले बैल?"

"असतील तशाच थाटात आणावेत. तेही आपलंच."

राजांनी खाली दारात उभ्या खंडोपंतांकडे बघितलं. पंतांनी तानूकडून अर्ज घेतला, उलटासुलटा करून चारी शिक्के पाहिले. "महाराज, इतका बिनचूक अर्ज मी आजवर पाहिला नाही!"

भुजंगराव फुरफुरले, मग मिशीला पीळ देत म्हणाले, "असं? मग दिला परवाना! आठ दिवसांनी ये, घेऊन जा, आणि काढ तुझा पोळा. बघतो कुठनं आणतेस ते!"

तानूनं हात जोडले. "तेवढं करू नका, महाराज! परवाना दिलात तर पाखऱ्याला पुन्हा चालावं लागेल. म्हातारा आहे, फार दमलाय तो. आमची एकच विनंती आहे. अर्ज नामंजूर करा! पुढच्या वर्षी आम्ही पुन्हा अर्ज करू. अस्साच!"

मग भुजंगराव असे हसले, असे हसले, की फेटा सुटून खाली पाखऱ्याच्या शिंगांवर पडला!

हसू आवरत राजे खाली आले. फेटा त्यांनी परत घेतला नाही, शिंगांभोवती नीट गुंडाळून दिला. "हा याचाच. आणि याला आमच्या पागेतून रोज पेंड, हिरवा चारा. नांगराला हात... खांदा लावायचा नाही!" मग त्यांनी कागदावर मोठ्ठ्या अक्षरांत 'नामंजूर' लिहून वर आपली मोहोर उठवली. "घे पोरी, जपून ठेव!"

तानूनं हात पुढे केला, पण पाखऱ्यानं मान लांब केली आणि कागद मोहोरेसकट तोंडात घेतला. डोळे मिटून, सावकाश, सगळा चावून खाल्ला.

"अरे अरे! नामंजुरीच खाल्ली!" खंडोपंत किंचाळले. "आता हो काय?"

"आता काय!" भुजंगराव डोळे पुसत म्हणाले. "पंत, नियम म्हणजे नियम! उद्या पुन्हा अर्ज आणायला सांगा!"